ब्युइक वर, सासूबाई आत

गाडीत माणूस बसलेला असताना लिफ्ट वर घ्यायची नसते, हे डेलमार क्रूगरला माहीत नव्हतं असं कृपा करून कुणी समजू नका. त्याच्या गॅरेजातल्या लिफ्टच्या खांबावर त्यानं स्वतःच ठळक अक्षरांत तसं रंगवून ठेवलं होतं. पण सासूला 'नाही' कसं म्हणायचं ते कुठल्याच खांबावर लिहिलेलं नव्हतं, आणि लग्नाला तीस वर्षं होत आली तरी ते त्याला एकदाही जमलं नव्हतं. त्यामुळे त्या शुक्रवारी दुपारी हिल्डगार्ड झास्ट्रोबाई आपल्या ब्युइकमधून उतरायलाच तयार होईनात, माझी गाडी वर जाणार तर मीही जाणार, तू खालून काय काढून घेशील कुणास ठाऊक, असं म्हणाल्या, तेव्हा यानं आधी खांबाकडे पाहिलं, मग सासूकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं बटण दाबलं.

गाडी पुरुषभर उंच गेली. दोन्ही खांबांतले खटके खट्‌ करून बसले. बाईंनी वर रेडिओ लावला, त्यावर पोल्का नाचाची धून सुरू झाली आणि डेलमार दिवा घेऊन गाडीखाली शिरला.

खरं सांगायचं तर गाडीला काही झालेलंच नव्हतं. हा सगळा बेत आर्लिसचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. ऐंशी कधीच ओलांडलेल्या आईनं गाडी चालवणं आता सोडावं म्हणून ती वर्षभर तळमळत होती. म्हातारीनं गावातले, रस्त्याकडेला खांबावर बसवलेले टपालाचे तीन मेलबॉक्स आडवे केले होते, आणि प्रत्येक वेळी मेलबॉक्सच जागचा हलला असं तिचं ठाम म्हणणं. 'आई, तुला दिसत नाही' हे एवढं एक वाक्य तोंडावर बोलायची आर्लिसची छाती होत नव्हती. मग तिनं नवऱ्याला पुढे केलं. त्यानं गाडी वर घ्यायची, खाली डोकवायचं, तोंड पाडून बाहेर यायचं आणि सांगायचं की सांगाडा गंजला, गाडी संपली, आता भंगारात घाला. विस्कॉन्सिनात हिवाळाभर बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्यांना खालून गंजून भोकं पडतात, तेव्हा या थापेवर कुणीही विश्वास ठेवला असता.

डेलमारनं दिवा वर धरून सांगाडा निरखला. म्हातारी बर्फात गाडी कधी बाहेरच काढत नसे. गंजाचा ठिपका नाही. सायलेन्सर धड, ब्रेकच्या नळ्या चकचकीत. आयुष्यभर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला हा माणूस, धडधाकट यंत्राला मोडकं म्हणायचं त्याच्या अगदी जिवावर आलं. तिकडे बायकोला शब्द दिलेला. थाप मारावी तर सासूची गाडी हकनाक जाणार, न मारावी तर कुणाचा तरी मेलबॉक्स नाही, एखादा माणूसच आडवा होणार.

आधी गाडी खाली तरी घेऊ, मग बघू, असं त्यानं ठरवलं. ही लिफ्ट खाली घ्यायची तर आधी जराशी वर उचलावी लागते, तेव्हा कुठे खटके सुटतात. त्यानं बटण दाबलं. मोटर भर्रकन फिरली, गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. मोटर मजेत फिरतेय, गाडी जागच्या जागी, वर पोल्का.

मोटर सोडवली तर दोष लगेच हाती आला. मोटर आणि तेलाचा पंप यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढं एक कपलिंग असतं, आतून दाते असलेलं. मोटर त्याला फिरवते आणि ते पंपाला फिरवतं. त्याचे दाते झिजून पार नाहीसे झाले होते, आत बोट फिरवलं तर अंगठीसारखं गुळगुळीत. गेला उन्हाळाभर ते बिचारं चिवचिवत होतं, आणि आमच्या या शहाण्याला वाटत होतं की खांबात पाखरानं घरटं केलंय. त्यानं खांबाशी दाणेसुद्धा टाकले होते.

आता सासूला ही बातमी द्यायची, तर तिथे वेगळीच पंचाईत होती. डेलमारनं सासूला तीस वर्षांत कुठल्याही नावानं हाक मारलेली नव्हती. लग्नानंतर 'हिल्डगार्ड' म्हणावं तर आगाऊपणा वाटला, 'आई' म्हणावं तर लाज वाटली, 'मिसेस झास्ट्रो' म्हणावं तर परकेपणा. बघू पुढे, म्हणून सोडून दिलं ते राहूनच गेलं. काही सांगायचं असलं की तो तिच्यासमोर जाऊन उभा राही आणि तिचं लक्ष जाईपर्यंत थांबे. पण आता ती छपराशी, काचा बंद, आत ढोलकं आणि अकॉर्डियन. त्यानं 'अहो' म्हणून पाहिलं, 'ओ' म्हणून पाहिलं, खांबावर पाना बडवला. शेवटी बंपरकडे बघून तो ओरडला, "ब्युइक!"

काच खाली आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पाचच्या आत होईल ना. शुक्रवारी पाच वाजता तळ्याकाठच्या हॉटेलात तळलेली मासळी खायची, हा त्यांचा नेम नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा चुकला नव्हता.

डेलमारनं शिडी लावली. पण गाडी दोन दारांची, आणि दार वीतभर उघडून खांबावर आपटलं. त्या फटीतून बाईंचा हात बाहेर आला, पर्स बाहेर आली, पण बाई येणं शक्यच नव्हतं. पलीकडच्या दाराला पलीकडचा खांब. अग्निशमनवाल्यांना बोलावू का, असं यानं चाचरत विचारलं. त्यावर बाई म्हणाल्या की मला रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचंय, आणि काच वर केली.

मग फोनाफोनी. लिफ्टचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातली बाई मोठी समजूतदार होती. तिनं लिफ्ट कुठल्या कंपनीची ते विचारलं. ते याला माहीत नव्हतं, कारण लिफ्ट एका बंद पडलेल्या गॅरेजातून जुनी घेतलेली. बरं, रंग सांगा, रंगावरून कळतं, म्हणाली. यानं सांगितलं, हिरवी. ती म्हणाली, हिरवी लिफ्ट तर कुणीच बनवत नाही. तेव्हा याला आठवलं की ट्रॅक्टरशेजारी शोभून दिसावी म्हणून आपणच ती रंगवली, नावाच्या पट्टीसकट. फोन कानाला धरून त्यानं पट्टी खरवडली. हिरव्याखाली लाल निघाला, लालखाली निळा, आणि निळ्याखाली पुन्हा हिरवा. म्हणजे आधीचे मालकही याच डोक्याचे. शेवटी अक्षरं लागली तेव्हा खरवडण्याच्या भरात तीही गेली होती.

त्या भल्या बाईनं फोटो मागवून कपलिंग ओळखलं आणि मंगळवारी पोचेल म्हणून सांगितलं. डेलमारनं वर पाहिलं. मंगळवार हा शब्द वर कळवायची त्याची हिंमत झाली नाही.

शेजारचा व्हर्जिल ओल्स्टाड आला तो पाना मागायला. दांडगा माणूस, छातीपर्यंत दाढी, डोक्यावर शिकाऱ्याची केशरी टोपी. वर सासू बघून तो काही बोलला नाही, कारण आमच्याकडे दुसऱ्याच्या गॅरेजात काय टांगलंय ते विचारत नाहीत. त्यानं झिजलेलं कपलिंग हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाला की तो कामाला जातो त्या चीजच्या कारखान्यात असलंच आहे, ट्रकमध्ये माल चढवायचा जो वरखाली होणारा फलाट आहे ना, त्याच्या पंपात. शुक्रवारचा शेवटचा ट्रक गेला, सोमवारपर्यंत फलाट कुणाला हवाय? आणि पाना न घेताच गेला.

एवढ्यात आर्लिस कामावरून आली. नवऱ्याला ती गाडीच्या बरोबर पोटाखाली घेऊन गेली आणि दबक्या आवाजात झाडायला लागली. आईला वर काय म्हणून बसवलंस, तुला अक्कल आहे का, बरं ते जाऊ दे, गाडी भंगार झाली म्हणून सांगितलंस का? डेलमार म्हणाला, गाडी आपल्या दोघांपेक्षा धडधाकट आहे. आर्लिस म्हणाली, गाडीबद्दल कोण विचारतंय, तू फक्त गंजली म्हण, तिला कुठे वाकून बघता येतंय.

दोघांच्याही हे लक्षात आलं नाही की रेडिओनं बॅटरी खाल्ली होती आणि पोल्का केव्हाच बंद पडला होता.

"आर्लिस," वरून आवाज आला, "खाली बोललेलं वर फार छान ऐकू येतं गं."

आर्लिसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय असं पुटपुटत ती घरात पळाली. ती तर नुकतीच घरी आली होती, ओव्हनमध्ये कसलं काय. डेलमार एकटा सापडला.

"हं, आता तू बोल. माझी गाडी संपली का?"

डेलमारनं फडक्यानं हात पुसले. तो तोंड उघडणार तेवढ्यात दारात पाठीमागून ऊन घेऊन व्हर्जिल उभा राहिला, एका हातात कपलिंग, दुसऱ्या हातात ताज्या चीजच्या खड्यांची पिशवी. बाईंनी खिडकीतून डोकं काढून त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांचा सूर एकदम मऊ झाला.

"आलीस परत? जाऊ दे, मी काही रागावले नाही. आणि केस असेच ठेव गं. तुला मोकळे शोभतात."

व्हर्जिलनं दाढीवरून हात फिरवला. चांगल्या घरातला मुलगा तो, बायकांचा शब्द खाली पडू देत नाही. "थँक यू," म्हणाला.

त्याचा तो घोगरा आवाज ऐकला आणि बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागीच थिजलं. त्या हळूच डोकं आत घेऊन बसल्या. डेलमारला हसू येत होतं आणि त्याच वेळी आत काहीतरी तुटतही होतं. आता थाप मारणं म्हणजे निव्वळ नीचपणा, असं त्याला वाटलं. तो शिडी चढून खिडकीपाशी गेला.

"गाडीला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "आणखी वीस वर्षं चालेल. तुम्हाला दिसत नाही. गाडीतलं काहीही मी बदलून देईन, पण हे मला बदलता यायचं नाही. कुणीतरी सांगायला हवं होतं. आम्ही घाबरलो."

बाईंनी मुक्या रेडिओचं बटण बंद केलं. एवढंच म्हणाल्या, मला खाली घे.

कपलिंग बसवायला फारसा वेळ लागला नाही. फक्त व्हर्जिल दिवा धरता धरता चीज खात होता, ते ताजं चीज रबरासारखं दाताखाली चुईचुई वाजत होतं, आणि प्रत्येक चुईला डेलमारला नवं कपलिंगही गेलं असं वाटून धस्स होत होतं. मग बटण दाबलं. पंपानं तेल उचललं, गाडी जराशी वर गेली, खटके सुटले आणि ब्युइक अगदी अलगद जमिनीला टेकली. व्हर्जिलनं आपल्या पिकअपवरून तारा जोडून गाडी सुरू करून दिली.

बाई चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिल्या. डेलमार दारापाशी उभा. कपलिंग एकवेळ सोपं, असं त्याला वाटलं.

"वाईट वाटतंय मला," बाई म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय. आणि तुझा रागही आलाय." मग ती सलग लांबडी सीट होती तिच्यावरून त्या पर्स, कोट आणि दुखऱ्या कमरेसकट इंचाइंचानं पलीकडे सरकल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात आपटला. "बस. पाच वाजत आले."

डेलमार बसला. सीट पुढे ओढलेली, त्याचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण सीट मागे घेऊ का हे विचारायची ही वेळ नव्हती. तळ्याकाठच्या रस्त्याला लागल्यावर म्हातारी कशी चालवायची हे आठवून त्यानंही गाडी तशीच सावकाश, कडेकडेनं घेतली. तिला बरं वाटावं म्हणून हो. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. मग बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याची पाचावर धारण बसली.

"हे काय चालवणं म्हणायचं?"

"तुम्ही असंच चालवता ना, म्हणून."

"मी भीत होते मेल्या, म्हणून अशी चालवायची," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून भीत होते. सबंध आयुष्यात या गाडीला मी एकदाही पळवलं नाही. आता तू चालवतोयस ना? मग हाण."

डेलमारनं आरशात पाहिलं, समोर पाहिलं, आणि पाय दाबला. ब्युइक इतकी वर्षं वाट बघत असल्यासारखी उसळली. ट्रॅक्टर मागे पडले, तळं मागे पडलं. हॉटेलची पाटी आली तशी त्यानं वळायला दिवा लावला, तर बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"मासळी कुठे पळून जातेय," त्या म्हणाल्या. "सरळ घे."