निष्ठातीर्थ आणि चुन्याची डबी

लातूरच्या त्या डाळमिलीत गुरुवारी सकाळी डाळ भरडायची थांबली, माणसं भरडायची होती म्हणून. निवडणाऱ्या बाया तुरीच्या पोत्यांवर चढून बसल्या होत्या, हमाल खांबांना टेकले होते, आणि अंगणाच्या मधोमध, तांब्याच्या घंगाळापाशी, निष्ठाचार्य वीरभद्र उभे होते. अंगात सूट, सुटावर भगवी शाल, गालाला चिकटवलेला माईक. नायगावापासून कंधारापर्यंत आपलीच कीर्ती आहे, असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं.

"माणूस खोटं बोलेल," आचार्य म्हणाले, "पण ओला कागद खोटं बोलत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ओल्या कागदाशी आजवर कुणाचं बोलणंच झालं नव्हतं, मग शंका घ्यायची कशी?

रीत सोपी होती. प्रत्येकाच्या नावाचा छापील पिवळा फॉर्म. त्यात एकवीस सवाल, पुढं हो किंवा नाही. फॉर्म भरायचा, घडी घालायची, आचार्यांनी तो घंगाळातल्या निष्ठातीर्थात बुडवायचा. पिवळा राहिला तर माणूस इमानी. लाल झाला तर बेइमान. दिवाळीनंतर मिलीतले दोन कारागीर दुसऱ्या मिलीत गेले होते, तेव्हापासून मालक अमृतरावांना मोबाईल बघणारा प्रत्येक माणूस निघायच्या तयारीतला वाटे. त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, की ज्याचा कागद लाल, त्यानं सोमवारपासून येऊ नये.

सहा कागद पिवळे निघाले. सहा वेळा टाळ्या झाल्या. सातवा कागद कस्तुराबाईंचा. अठरा वर्षं या बाईनं डाळ निवडली होती. डोळे मिटूनसुद्धा तिच्या बोटांना खडा सापडे. कागद पाण्यात गेला आणि नव्या नवरीच्या गालासारखा हळूहळू लाल होत गेला. पोत्यांवरून एक लांब हुंकार आला. काल जिच्या डब्यातली चटणी खाल्ली, तिच्यापासून बाया दोन दोन वीत सरकून बसल्या.

"म्या तर खरं खरं लिव्हलं," कस्तुराबाई एवढंच म्हणाल्या आणि आपलं सूप उचलून कोपऱ्यात जाऊन बसल्या.

फॉर्म वाटायचं काम पंचशीलाकडे होतं. ती मिलीची माल तपासणारी. पोत्यात परखीची पोकळ सळई खुपसायची, टोकाशी आलेले दाणे पांढऱ्या ताटलीत पसरायचे, खडे मोजायचे, ओल बघायची, वास घ्यायचा, हा तिचा दिवस. मागच्या वर्षी ओल मोजायचं नवं मशीन आलं, तेव्हा तिनं दोन दिवस त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. एकाच पोत्यातली तूर दोन वेगळ्या नंबरांनी घालून बघितली, दोन्ही आकडे सारखे आले, तेव्हा कुठं मशीनला टेबलावर जागा मिळाली.

जेवणाच्या सुट्टीत ती कस्तुराबाईंजवळ जाऊन बसली. मावशींनी भाकरीचं फडकं सोडलंच नव्हतं. त्यांचं मन सवालांत अडकलेलं. चौथा सवाल होता, मालक दयाळू आहेत आणि जेवणाची सुट्टी पुरते का? मालक दयाळू हायत, सुट्टी न्हाई पुरत, मग हो लिहायचं का न्हाई? नववा होता, मिलीसाठी तुम्ही जीव द्याल, हे विचारायला हवं का? मावशी म्हणाल्या, हाव म्हणलं तरी मेलो, न्हाई म्हणलं तरी मेलो. चौदावा होता, मिल हीच माझी आई. तिथं त्यांनी नाही लिहिलं होतं, कारण त्यांची आई औशाला होती आणि रोज फोन करून भांडत होती.

"आसले सवाल इचारणाऱ्याला कुणी इचारलं का गं?" मावशी म्हणाल्या.

पंचशीला हसली, पण ते वाक्य तिच्या मनात खड्यासारखं राहिलं.

दुपारी हमालांची पाळी. देविदासमामा आणि अंगद शेजारी बसले होते. फॉर्म हातात पडला तशी दोघांनी एकाच डबीतला चुना घेऊन तंबाखू मळली, मग कागद मांडीवर धरला. देविदासमामांचा चेहरा पडला.

"ताई, म्या पेनसुदिक न्हाई लावलं, अन् हे बघा."

कागदाच्या कोपऱ्यावर लालभडक अंगठा उमटला होता. अंगदच्या कागदावर चुन्याचा पांढरा डाग, बाकी काही नाही.

पंचशीलानं मामांचा कागद नाकाशी नेला. हळद. अंगदचा नेला. नुसता कागद, बाजारात मिळतो तसला पिवळा. मग उरलेला गठ्ठा घेऊन ती तूर हुंगते तसा तो हुंगत गेली. अजून दोन कागदांना हळदीचा वास होता. एक पाखडणाऱ्या अयोध्येचा. दुसऱ्यावर तिचंच नाव होतं.

सोमवारपासून तीही बाहेर. तिनं अजून एकही सवाल सोडवला नव्हता आणि जवाब छापून आला होता.

आरडाओरडा करून उपयोग नव्हता. आचार्य म्हणाले असते, बेइमान माणूस ओरडणारच. ती मालकांच्या खोलीत गेली आणि म्हणाली की नवं मशीन आलं की आपण एकच माल दोन नंबरांनी घालतो, तसं याचंही करून बघू. नियम मिलीचाच होता, अमृतरावांना नाही म्हणता येईना. तिनं आपला फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला. नाव माझं राहू द्या, जवाब तुमचे लिहा.

अमृतराव लिहायला बसले. पहिले तीन भरभर झाले. चौथ्याला पेन थांबलं. मालक दयाळू होतेच, पण त्यांना स्वतःलाही जेवायला वेळ मिळत नव्हता. सोळावा सवाल होता, मिल सोडावी असं कधी मनात आलं का? त्यांनी दाराकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "खरं लिहू?"

"लिहा की, मालक. कागद खोटं बोलत न्हाई."

दर तूरहंगामात त्यांच्या मनात तेच येत होतं. त्यांनी विचार करकरून 'नाही' लिहिलं.

पंचशीला दोन घड्या घेऊन अंगणात आली. पहिली रामलिंगकाकांच्या नावाची, हळदीचा वास नसलेली, आत एका सवालालाही जवाब नाही. आचार्यांनी ती बुडवली. कागद पिवळाच राहिला.

"रामलिंग," आचार्य माईकमध्ये गहिवरले, "शंभर टक्के निष्ठा. असा माणूस आता मिळत नाही."

"हाव, न्हाईच मिळत," देविदासमामा म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी वारले."

पोत्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. रामलिंगकाका मिलीचे राखणदार. रजिस्टरमधून त्यांचं नाव काढायचं राहून गेलं होतं. आत्मा अमर असतो, असं आचार्य सांगत होते तोवर पंचशीलानं दुसरी घडी घंगाळात सोडली. कागद लाल झाला.

"बघा, गद्दार," आचार्य गरजले. "या बाईच्या प्रत्येक जवाबात कपट आहे."

"ते अक्षर माझं आहे," अमृतराव म्हणाले.

पोत्यांवरच्या बाया वाकून घंगाळात बघायला लागल्या.

मग पंचशीलानं पेलाभर पाणी आणि मामांची डबी मागितली. चुना कालवला, निवळू दिला, आणि वर आलेलं नितळ पाणी देविदासमामांच्या कोऱ्या कागदावर ओतलं. लाल. अंगदच्या कागदावर ओतलं. पिवळा. घंगाळात हेच पाणी होतं.

"अगं माय," कस्तुराबाई कोपऱ्यातून उठल्या. "ही तर कुंकवाची रीत. माझी आजी हळदीला चुना लावूनच कुंकू करायची."

आणि मग सगळ्यांना एकदम आठवलं. घरोघर हळद, कमरेकमरेला चुन्याची डबी. पण माईक आणि शाल मध्ये आली, तेव्हा आपलंच शहाणपण कुणाला ओळखू आलं नाही.

राहिला एक सवाल. हळदीचे कागद कुणाला द्यायचे, हे आचार्यांना कळलं कसं? अमृतरावांनी मान खाली घातली. मंगळवारी जेवताना आचार्यांनी सहज विचारलं होतं, उलट बोलणारे कोण कोण? त्यांनीही सहज चार नावं सांगितली. तोंडाला बांधायला फडकी मागणारे देविदास. पगाराची चिठ्ठी मागणारी अयोध्या. मालकांच्या मेव्हण्याची तूर ओली आहे म्हणणारी पंचशीला. आणि बायांच्या संडासाला दार मागणाऱ्या कस्तुराबाई. मालकांचाच संशय चुन्यात बुडवून आचार्यांनी मालकांनाच परत दिला होता.

ऑटो बोलावून आचार्य निघाले, तेव्हा बाया परत डाळीपाशी बसल्या होत्या. सरकलेल्या जागा भरल्या होत्या. सुपांच्या तालावर कस्तुराबाईंनी सूर धरला:

हळद भेटे चुन्याला, लाल रंग चढे बाई
यात माझ्या इमानाचा, काही सवाल न्हाई.

माणसाच्या मनात काय आहे, हे कळावं असं वाटणं यात पाप नाही. पण ते पाण्यात दिसत नाही, विचारावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट विचारावी, सरळ विचारावी, आणि नोकरीची भीती दाखवून विचारू नये. आणि माणसाला पारखायच्या आधी सवाल पारखावा. तोच कागद, तोच माणूस, दोनदा घालून बघावं. जे दोनदा टिकत नाही ते मशीन असो की महाराज, त्याला टेबलावर जागा देऊ नये.

संध्याकाळी अमृतराव डाळीच्या ढिगापाशी आले.

"कस्तुराबाई, आता तुम्हीच सांगा. मिलीवर तुमची निष्ठा आहे का नाही?"

मावशींनी डाळीतून एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आधी दार बसवा, मालक. मंग इचारा."