गोठ्यातला फोन

बापूजींनी फाटक उघडलं, पण इलाला आत येऊ दिलं नाही. स्वतःच बाहेर आले आणि फाटक मागे ओढून घेतलं.

"बाई, पह्यलेच सांगतो. तिच्यासमोर त्या बिमारीचं नाव काढू नका."

"त्यांना काहीच माहीत नाही?"

"आँ?"

इलाने पुन्हा, मोठ्याने विचारलं.

"गाठ हाये म्हणून सांगतलं. सलाईननं विरघळते म्हणलं." त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे तसं त्यांना वाटलं. शेजारच्या ओट्यावर तूर निवडणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या.

ही रीत इलाला नवी नव्हती. कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत आजाराची माहिती नीट कशी पोहोचेल, यावर ती वर्ध्यात संशोधन करत होती. वाचता न येणाऱ्यांचं अडू नये म्हणून दर आठवड्याला फोनवर एक निरोप जायचा. किमोच्या सलाईननंतर काय खावं, तोंड आलं तर काय करावं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना का गाठावा. निरोपातला आवाज इलाचाच होता. फोन मात्र बहुतेक घरी नवऱ्याचा, नाहीतर मुलाचा. सगळ्या घराला ठाऊक आणि आजाऱ्यालाच ठाऊक नाही, असा आपल्याकडे हा एकच आजार. पण त्यातही आंजी गावचे बापूजी म्हणजे तिचे सगळ्यात मन लावून ऐकणारे श्रोते. फोनच्या नोंदींप्रमाणे एकही निरोप त्यांनी अर्धवट सोडला नव्हता, आणि शेवटचा तर परत परत लावला होता. संशोधनाच्या बैठकीत इलाने हे मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. कोणत्या माहितीचा उपयोग झाला, एवढंच विचारायला ती आज आली होती.

बापूजींच्या पत्नी लीलाबाई छपरीत बाजेवर पडून होत्या. भर दुपारची वेळ, तरी अंगावर गोधडी. बापूजी चहा ठेवायला आत गेले.

"बसा जी," लीलाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तुमी फोनातल्या बाई न?"

इला दचकली.

"आवाज वळखला म्या. यायले कमी आयकू येते. मले समजू नये म्हणून गोठ्यात जाते, अन् थो फोन जोरानं लावते. बैलंबी आयकते." हसताना त्यांना धाप लागली.

इलालाही हसू आवरेना. बापूजींची झाकली मूठ साऱ्या आळीत कधीचीच उघडी पडली होती, आणि आळीने त्यांना ते कळू दिलं नव्हतं.

"मग त्यांना सांगितलं का नाही, मावशी?"

"काऊन सांगू? एवढी मेहनत करून राह्यले बिचारे."

इलाने त्यांचा हात हातात घेतला. हात भाजत होता.

"ताप आहे तुम्हाला! कधीपासून?"

"परवापासून."

"आणि सलाईन कधी झाली?"

"मांगच्या हप्त्यात."

"काकांना माहीत आहे?"

"मी हातच लावू देत नाई."

"ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात, हे ऐकलं होतं ना तुम्ही?"

"आयकलं न."

"मग?"

लीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे; समजूत घालावी तसं.

"तुमीच तं शेवटी सांगतलं. औषध लागू पडत नसन, तं चकरा मारू नका. घरच्यायत रहा, दुखणं तेवढं कमी करता येते. त्याच्यानंतर तुमचा फोनच नाई आला. मंग मी समजली."

तो निरोप लिहायला इलाने सगळ्यात जास्त वेळ घेतला होता. आवाज कोरडा वाटू नये म्हणून पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित केला होता. निरोपांची मालिका तिथेच संपत होती, म्हणून फोनही थांबले होते. हे कोणाला सांगायला हवं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आता तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मावशी, तो तुमचा रिपोर्ट नव्हता! तोच निरोप सगळ्यांना जातो. तुमचं औषध लागू पडतंय की नाही, ते डॉक्टरच सांगतील."

ती जवळजवळ ओरडलीच. दारात बापूजी चहाच्या कपबश्या घेऊन उभे होते. या वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं.

"म्हणजे थे हिचं नव्हतं?" ते म्हणाले. "मी तं पुढच्या तारखेले नेतच नव्हतो."

कपबश्या खाली ठेवायचंही त्यांना भान राहिलं नाही. लीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडल्या.

ओट्यावरच्या बायका न बोलावता आल्या. एकीने पिशवी भरली, एकीने नवऱ्याची गाडी दारात आणवली. लीलाबाईंना मागच्या सीटवर निजवलं. बापूजींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळावर हात ठेवला. इलाने दवाखान्यात फोन करून ताप कळवला आणि घाईघाईने पुढे बसली.

"बाई," मागून लीलाबाईंचा आवाज आला. "थे सगळ्यायले गेलं म्हणता?"

"हो."

"मंग बाकीच्यायले सांगतलं काय?"

"अजून नाही."

"मले हे नेतीन," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी उतरा."

इला उतरली.