पाण्याची ओळ

मित्रांनो, दुसऱ्याच्या पाठीवर बसून सारे आयुष्य काढलेला मी एक जुना फवारणी पंप आहे. पोट पितळेचे, दांडा लोखंडाचा आणि लांब कांडीच्या टोकाला बारीक छिद्राचे नोझल. नवा होतो तेव्हा इतका लखलखीत होतो, की दुकानात येणारी गिऱ्हाइके माझ्यात बघून केस सारखे करत.

मला बाबांनी विकत घेतले. घरातली मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. घरामागे त्यांची टोमॅटोची झाडे होती आणि त्यांवर दर हंगामात करपा यायचा. करपा म्हणजे बुरशीचा रोग. पानावर तपकिरी ठिपका पडतो, तो वाढत जातो आणि बघता बघता पान वाळते. मग मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी माझ्या पोटात भरायचे आणि झाडांवर फवारायचे. करपा हटला की बाबा माझ्यावर कौतुकाने थाप मारत. मला धुवायचे मात्र त्यांच्या अगदी जिवावर येई. वरवर विसळले की झाले.

पुढे त्यांच्या हातांवर खाजरे चट्टे उठले, कातडीला भेगा पडल्या. डॉक्टरांनी निळ्या पाण्याला हात लावायला साफ मनाई केली. मी अडगळीत गेलो. टोमॅटो सोडायचा विषय निघाला की बाबा जेवता जेवता ताटावरून उठत.

मुलीचा स्वभाव चौकस. लसणाच्या रसाने बुरशी दबते असे तिने कुठेतरी ऐकले आणि तिला चैन पडेना. तिने लसूण ठेचला, पाण्यात भिजवला, फडक्यातून गाळला आणि माझ्या पोटात ओतला. एका ओळीवर लसणाचे पाणी, दुसरीवर नुसते पाणी, तिसरीवर काहीच नाही, असे तिने ठरवले. दोन्ही ओळींची फवारणी बाबांनीच केली, माझ्यातूनच आणि उघड्या हातांनी. लसणाला कसले घाबरायचे? पाण्याच्या ओळीला मात्र ते हसले.

मुलगी म्हणाली, "लसणाने झालं की नुसतं भिजल्याने झालं, ते कळायला नको?"

काही दिवसांनी तिसरी ओळ करपली आणि लसणाची हिरवीगार राहिली. बाबांना आभाळ ठेंगणे झाले. शेजाऱ्यांना हाका मारमारून त्यांनी ती ओळ दाखवली. पण गंमत म्हणजे, पाण्याची ओळही जवळजवळ तशीच हिरवी होती. मी तर शेफारूनच गेलो. काही डॉक्टरांच्या हाताला गुण असतो म्हणतात, माझ्या पोटातच असावा!

मुलगी मात्र त्या ओळीत वाकून पाने निरखत राहिली. एका पानावर तिला निळसर डाग दिसला. तिने मला उलटे केले, तळ उघडला आणि रबरी वायसरखाली खिळ्याने खरवडले. निळा थर सुटून तिच्या तळहातावर पडला. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळले नसते. पण ती तो थर घेऊन तशीच बाबांकडे गेली.

"बाबा, लसणाचं काही खरं नाही अजून. तुमचं जुनं निळं पाणीच झिरपत होतं."

बाबांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

"म्हणून पुन्हा खाज सुटली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, वयच झालं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने हातमोजे चढवले आणि मला सुटे सुटे केले. साबण, ब्रश, नवा वायसर. इतकी वर्षे पोटात काय घेऊन वावरत होतो, ते मलाही तेव्हाच कळले. माझी ऐट त्या पाण्याबरोबर वाहून गेली.

मग पुन्हा तीन ओळी झाल्या. या वेळी तिसरीबरोबर पाण्याची ओळही करपली. लसणाच्या ओळीतही ठिपके आले, पण बरेच कमी. आजारी पाने काही बरी झाली नाहीत, नवी पाने मात्र बरीचशी वाचली. म्हणजे रोग यायच्या आधीच फवारायचे, खालची डागाळलेली पाने खुडायची आणि पाऊस झाला की पुन्हा फवारायचे. कष्ट वाढले, पीक थोडे घटले.

"थोडंच काम करतो लसूण," मुलगी चाचरत म्हणाली.

"थोडं का होईना, खरं आहे ना? टोमॅटो ठेवू आपण," बाबा म्हणाले.

मित्रांनो, आम्हा अवजारांना वापरून झाल्यावर आतून धुवा. आमच्या पोटात राहिलेले शेवटी तुमच्याच हातांवर येते. बाबांचे हात आता बरे आहेत, त्यांना फक्त लसणाचा वास येतो. आणि हंगाम सुरू झाला की मला खांद्याला लावून तेच आधी विचारतात, "पाण्याची ओळ कोणती ठेवायची?"