हणमंत सरांची स्की

नांदेडात बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी, रसवंतीवर आणि मासळीबाजारात. तरी हणमंत सरांनी घरच्या घरी स्की, म्हणजे पायाला बांधून बर्फावरून घसरायची लांब पट्टी, बनवायचं ठरवलं.

आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवणारा हा माणूस हाताचा कसबी, पण एखादं काम तडीला नेईल तर शपथ. गच्चीवर बिनपात्यांची पवनचक्की, जिन्याखाली बिनदारांचं कपाट. बायको चंद्रप्रभाबाईंनी त्यावरून बोलणं कधीच सोडून दिलेलं. पण लेक मृण्मयी हिमाचलच्या स्की स्पर्धेला निघाली होती आणि भाड्याचं सामान नको म्हणून तिथल्या आयोजकांना सांगून बसली होती, "माझे बाबा करून देणार हायत." हे ऐकून सरांना आनंद झाला आणि धास्तीही वाटली. आजवर त्यांच्या भरवशावर कुणी एवढं टाकलं नव्हतं.

रविवारी अंगणात टेबल मांडलं. लाकडाची पातळ पट्टी, वर-खाली इपॉक्सी नावाच्या चिकट रसायनात भिजवलेलं काचेच्या धाग्यांचं कापड, आणि सगळं साच्यावर ठेवून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद. पिशवीतली हवा ओढली की थर एकमेकांना घट्ट धरतात. त्यासाठी एसी दुरुस्तीवाल्या पाशामियाँनी आपला पंप आणला होता. पंप सुरू झाला, पिशवी पट्टीला चिकटली, सर खुलले. तेवढ्यात दाबाचा काटा घसरायला लागला.

"सर, कुठंतरी हवा खाऊन राहिली," पाशामियाँ म्हणाले.

दोघं टेबलाला कान लावून रांगत फिरले. नळी आत जाते त्या कोपऱ्यात बारीक सूं सूं सापडली, पण चिकटपट्टी संपलेली. आणि इपॉक्सी एकदा कालवलं की घट्ट व्हायला लागतं, ते कुणासाठी थांबत नाही.

"राहू द्या पाशाभाई," सर म्हणाले. "पुढच्या खेपेला बघू."

पुढची खेप म्हणजे काय, हे त्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. दारात उभी असलेली मृण्मयी आत वळली. ते मात्र सरांना झोंबलं. चांगलंच झोंबलं.

"पाशाभाई, बिर्याणीच्या डेगेचं झाकण तुमच्या घरी वहिदाभाभी कशानं बंद करतात हो?"

"कणकेनं. का?"

सर स्वयंपाकघरात घुसले आणि भिजवलेल्या कणकेची परातच उचलून निघाले.

"अहो, आणि पोळ्या?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"आज भात खाऊ."

कणीक थापली तसा काटा थांबला, मग हळूहळू चढला. दिवसभर सर जागचे हलले नाहीत. उन्हानं कणकेला भेग पडली की पाण्याचं बोट फिरवायचे. जेवणाचं ताटही तिथंच मागवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी कापली. आतून स्की निघाली, गुळगुळीत, टोकाला डौलदार बाक घेतलेली. सरांनी ती वाकवून सोडली. ती झटक्यात सरळ झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी पुरं झालं होतं. सरांचे डोळे भरून आले.

"लई भारी झाली, बाबा," मृण्मयी म्हणाली. "आता दुसऱ्या पायाची?"

सर तिच्या पायांकडे बघतच राहिले. पाशामियाँ पंप न्यायला आले होते. त्यांनी पंपावरचा हात हळूच काढून घेतला.

सरांच्या ओठांवर 'बघू' आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि बाह्या वर सारल्या.

चंद्रप्रभाबाईंनी ते पाहिलं. आत गेल्या आणि परातीत पीठ काढलं. आज जरा जास्तच काढलं.