दोन नावांची चौकट

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्हाला वाटेल, ही कुठल्यातरी खिडकीची निखळलेली चौकट असावी. चार लाकडी पट्ट्या आणि त्यांवर ताणून बसवलेलं एक झिरझिरीत कापड, एवढीच मी. पण मी खिडकीची नाही, छपाईची चौकट आहे. माझ्या कापडात अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवलेल्या आहेत. वर शाई ओतून रबराची पट्टी ओढली, की खालच्या कागदावर ती अक्षरं उमटतात. लोक याला स्क्रीन प्रिंटिंग म्हणतात. आता माझ्यातून काही उमटत नाही. कधीकाळी उमटत होतं, त्या दिवसांची ही गोष्ट.

परभणीच्या बाजारात रंगनाथ नावाचा एक पेंटर होता. पाट्या रंगवायचा, लग्नपत्रिका छापायचा. त्यानेच मला घडवलं. माझ्याबरोबर आणखी दोघी घडल्या, एक पिवळ्या रंगासाठी आणि एक लाल रंगासाठी. मी काळ्या रंगाची. रंगनाथ म्हणायचा, पिवळी आणि लाल दिसायला देखण्या, पण नाव सांगायचं काम काळीचं.

आम्हाला न्यायला पालमहून दोन बायका आल्या होत्या. एक केशरबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. शेत दीर करायचा आणि वर्षाचं धान्य दारात आणून टाकायचा. घरात मात्र बोलायला कोणी नव्हतं. तिच्या हातचं येसर फार चवीचं. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्याचं मसाला घातलेलं पीठ, उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. दुसरी सरजाबाई. ती बौद्धवाड्यातली. आधी केशरबाईकडे सरपण फोडायला यायची, मग जात्यावर बसली. भाजणं केशरबाईचं, दळणं सरजाबाईचं. दोघींच्या हातांनी मिळून ती चव यायची.

पुड्या दुकानात जाऊ लागल्या, पण कोऱ्या पिशवीवरून कोणाला काय कळणार? दुकानदार कुणाचंही नाव सांगून विकायचा. तेव्हा सरजाबाई म्हणाली, "आपल्या पुडीला नाव पायजे. रंगीत लेबल पायजे, लांबून दिसंल असं." केशरबाई लगेच म्हणाली, "मंग दोघींचं टाकू."

त्या आधी मोठ्या छापखान्यात गेल्या होत्या. मालकाने सांगितलं, प्रत्येक रंगाचा ठसा बाहेरगावी करून घ्यावा लागेल आणि हजारांनी लेबलं काढावी लागतील. एवढ्यावर भागलं असतं. पण त्याने सरजाबाईला वरून खाली न्याहाळलं आणि केशरबाईला विचारलं, "एका पुडीला दोन नावं कशाला? तुमचं एकच टाका ना." दोघी तिथून उठल्या. मग रबरी शिक्का करून पाहिला. रंग एकच, आणि येसराचा तेलकट हात लागला की नावाचा फराटा होऊन जायचा.

शेवटी त्या रंगनाथच्या दारात आल्या. त्याने एक कागद त्यांच्यासमोर छापून दाखवला.

"घरी बसून छापा. पाहिजे तेवढं छापा, पाहिजे ते छापा."

"कुनाला इचारायचं काम न्हाई?" केशरबाईनं विचारलं.

"कुनालाबी न्हाई."

झालं, तिथेच त्यांनी आम्हाला घडवायला सांगितलं. आम्ही तिघी तयार झालो आणि लुगड्यात गुंडाळलेल्या एस.टी.ने पालमला आलो.

काय दिवस होते ते! आधी पिवळी चौकट कागदावर हळदीसारखी जमीन अंथरायची. ती वाळली की लाल चौकट वर दोन मिरच्या काढायची. शेवटी माझी पाळी. सरजाबाई रबराची पट्टी ओढायची आणि केशरबाई ओलं लेबल हलकेच उचलून अंगणातल्या दोरीवर लावायची. केशरबाईला वाचता येत नव्हतं. सरजाबाई चौथीपर्यंत शिकलेली.

"सरजा, माजं कुटलं गं?"

"वरचं तुमचं. खालचं माजं. 'केशरबाई, सरजाबाई यांचे येसर.'"

"दोन्ही सारकेच दिसायलेत की!"

"अवो, शेवटी 'बाई' दोघींच्याबी हाय ना!" आणि मग दोघी अशा हसायच्या की दोरीवरची लेबलंसुद्धा हलायची. त्या घरात इतकं हसू पूर्वी कधी नव्हतं, असं शेजारीण म्हणायची.

पण मित्रांनो, नाव छापलं की लोक ते वाचतात. मराठवाड्यात त्या काळी एका नावावरूनच मोठं वादळ चाललं होतं. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून घरं जळाली होती, माणसं माणसांना परकी झाली होती. थोडं शांत व्हायचं आणि पुन्हा पेटायचं. अशाच एका पेटलेल्या उन्हाळ्यात दुकानदार नागनाथअप्पा स्वतः पुड्यांचं पोतं घेऊन दारात आला.

"केशरबाई, येसर लय चांगलं हाय. पन हे खालचं नाव काढा. दळनारी कोन हाय ते लोकाला कळालंय. घेईनात पुड्या."

"आजवर खाल्लंच की त्यांनी!"

"खाल्लं तवा मायती नव्हतं. मी काय करू? दिरानं बी तुमच्या हेच सांगितलंय मला."

तो गेला. केशरबाई दुपारभर मला मांडीवर घेऊन बसली. तिची बोटं माझ्या खालच्या ओळीवरून फिरत होती. दीर धान्य बंद करील, गाव तोंड फिरवील, उरलंसुरलं घरही सुनं होईल, अशी भीती तिच्या मनात दाटली असेल. रंगनाथने बारीकसारीक छिद्रं बुजवायला रोगणाची एक बाटली दिली होती. तिने ती उघडली आणि ब्रशाने माझी खालची ओळ बुजवून टाकली. वाचता येत नसलं तरी खालचं कोणाचं हे तिला ठाऊक होतं.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण चौकटीला तोंड नसतं. तिच्यातून फक्त शाई जाते, तीही माणूस जिथून जाऊ देईल तिथूनच.

सकाळी सरजाबाई आली. दोरीवर लेबलं वाळत होती. ती एका लेबलासमोर थांबली. मोठ्याने वाचायची तिची सवय, पण आज तिने मनातच वाचलं. केशरबाई चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

"केशरबाई, छपाई चांगली उठलीया," सरजाबाई म्हणाली. मग तिने जात्याची पाळ नीट पुसली, खुंटा काढून बाजूला ठेवला आणि पदर खोचून निघून गेली. केशरबाई उठली, उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. सरजाबाई वळली नाही. त्यानंतर ती कधी आली नाही.

पुड्या मात्र खपत राहिल्या. नागनाथअप्पा खुश होता. लोक लेबलाची तारीफ करायचे. केशरबाई दळण गिरणीतून आणू लागली. मला धरून ती एकटीच लेबलं छापायची, एकटीच उचलायची. छापताना एखाद्या वेळी चुकून म्हणायची, "सरजा, धर गं." आणि मग बराच वेळ हात तसाच हवेत राहायचा. नावाचं लेबल दारात वाऱ्यावर हलत असायचं, आणि ते तिला वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.

पिवळ्या चौकटीचं कापड फाटलं. लाल चौकट कोणीतरी मागून नेली, ती परत आली नाही. मी एकटी उरले. लेबल नुसतं काळं झालं. मग केशरबाईनं छापणंच सोडलं आणि मला माळ्यावर टाकलं. उंदीर माझ्या पट्ट्या कुरतडायचे, आणि खालून तिचा खोकला ऐकू यायचा. एकदा ती तापाने फणफणली. पाणी, पाणी म्हणत राहिली. पाणी द्यायला कोणी आलं नाही.

त्या तापातून उठली तशी तिने मला खाली काढलं. रॉकेलचा बोळा घेऊन खालची ओळ घासू लागली. रोगण निघेना. जास्त जोर दिला तर कापडच विरायला लागलं. ती थांबली. मला जुन्या लुगड्यात गुंडाळून तिने एस.टी. पकडली. सरजाबाई लेकीकडे पेडगावला गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं.

सरजाबाई आता तिथल्या बालवाडीत काम करत होती. केस पांढरे झाले होते. तिने केशरबाईला ओळखलं आणि दारातून बाजूला सरकली.

"या. बसा."

केशरबाई बसली नाही. "सरजाबाई, मी तुमचं नाव बुजवलं."

"मायती हाय. मीच वाचलं की ते."

"काढाया बघितलं. निगंना."

सरजाबाईनं मला उजेडात धरलं. "निगायचं न्हाई हे आता. कापड फाटंल."

"माज्यासंगं चला पालमला. जातं तसंच हाय."

"न्हाई. मी यायची न्हाई." सरजाबाई शांतपणे म्हणाली. "राग गेला म्हनून खोटं बोलू का? हाय राग. पन इतक्या लांबून आलात, जेवून जावा."

केशरबाईनं आजवर सरजाबाईच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्या दुपारी तिने तिच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. जेवताना सरजाबाईनं न विचारता तिच्या ताटात आणखी आमटी वाढली. निघताना केशरबाईनं मला उचलायला हात पुढे केला. सरजाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती हितं."

तेव्हापासून मी पेडगावच्या या भिंतीवर आहे. केशरबाई पुन्हा आली नाही. आता तिचे गुडघे चालत नाहीत, असं कोणीतरी सांगत होतं. सरजाबाईही पालमला गेली नाही. सणासुदीला ती माझ्यावरची धूळ झटकते, पण वाचत नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा, हे तर मी सांगेनच. मला वाळवी लागू देऊ नका, ओलीत ठेवू नका. पण त्याहून एक मागणं आहे. त्या सकाळी सरजाबाई निघाली, तेव्हा माझ्यावरचं रोगण अजून पुरतं वाळलं नव्हतं. रॉकेलचा एक बोळा पुरला असता. केशरबाई उंबऱ्यावर थांबली नसती, तर मी आज बोलत बसले नसते, कुठेतरी दोन नावं छापत असते. तुमच्या हातून कोणाचं नाव पुसलं गेलं, तर उंबऱ्यावर थांबू नका. त्याच पावली मागे धावा.