माझ्याच जागेचं तिकीट

वेक्स्टन कॉलेजच्या फुटबॉल मैदानात चौदावा विभाग, बाविसावी रांग, पायऱ्यांना लागून असलेल्या दोन जागा. त्या आमच्या. माझ्या आणि ओरिनच्या. लग्न झालं त्याच वर्षी आम्ही त्या घेतल्या आणि पुढं दर मोसमाला घेत राहिलो. ओरिन गेला तेव्हा लोकांनी विचारलं, "व्हर्ना, दोन्ही जागा कशाला ठेवतेस?" मी म्हटलं, "एकीवर मी बसते, दुसरीवर माझा कोट बसतो. तुमचं काय जातंय?"

या मोसमाआधी कॉलेजचं पत्र आलं. जागा राखायच्या तर आधी भरघोस देणगी द्या. मी जन्मभर शाळेच्या खाणावळीत राजमा-खिम्याची चिली ढवळली आणि दालचिनीचे रोल लाटले. एवढी देणगी कुठून आणू? नाही दिली. आणि जागा गेल्या. कोणाकडे गेल्या ते पत्रात नव्हतं.

बरं, मोसमभर रेडिओवर सामने ऐकले, दात-ओठ खाल्ले आणि गप्प बसले. पण नोव्हेंबरातला शेवटचा घरचा सामना मात्र मला मैदानातच हवा होता. माझी नात ब्रिटा कॉलेजच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. तिची आई तिला माझ्या ओटीत टाकून गेली तेव्हापासून ती माझीच पोर. हे तिचं शेवटचं वर्ष. आमच्याकडे शेवटच्या सामन्याची शिट्टी झाली की बँडमधली शेवटच्या वर्षाची पोरं टोप्या काढून मैदानात उभी राहतात. जो तो आपल्या घरची माणसं बसतात तिकडं तोंड करतो आणि सगळे मिळून कॉलेजचं गाणं वाजवतात. बस्स, एवढंच. पण या गावात त्यासाठी लोक अलास्काहून येतात. ब्रिटा चौदाव्या विभागाकडे बघणार आणि तिथं मी नसणार? छे!

म्हणून बसायची लाल उशी काखेत मारून मी सकाळीच वाहनतळावर हजर. गार वारा नुसता झोंबत होता. माझे शेजारी अर्विड आणि मार्लिस त्यांच्या ट्रकच्या मागं शेगडी मांडून बसले होते. त्यांच्याही जागा माझ्यासारख्याच गेलेल्या. ट्रक फुटबॉलच्या दिवशी आमचं स्वयंपाकघर असतो, देऊळ असतो आणि अर्विडचं तोंड चालायचं ठिकाणही तोच.

"एक बोट वर कर, व्हर्ना," अर्विड म्हणाला. "लाजतेस काय?"

आमच्याकडे रीतच तशी. तिकीट हवं असेल तर जितकी हवीत तितकी बोटं वर करून फाटकासमोर फिरायचं. पूर्वी ज्याच्या घरी कोणी आजारी पडलेलं असायचं तो येऊन छापील किमतीत तिकीट हातात ठेवायचा, वर बायकोला नमस्कार सांगायचा. आता बोट वर केलं की येतात ते ब्लॅकवाले.

माझ्याकडे आला तो चामडी जाकिटातला, च्युइंगम चघळणारा, ओमाहा शहरातला पोरगा.

"एकच ना, आजी? फक्कड जागा आहे. दोनशे डॉलर."

"छापलेत पंचवीस!"

"छापणाऱ्याकडून घ्या मग."

मी त्याच्या हातातलं तिकीट बघितलं. चौदावा विभाग, बाविसावी रांग, पहिली जागा. त्याखाली दुसरं तिकीट, दुसरी जागा.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता! माझी जागा! माझ्याच बुडाखालची जागा काढून हा मेला ती मलाच विकत होता.

"ही माझी जागा आहे," मी म्हटलं.

"होणार की. दोनशे द्या, लगेच तुमची."

मी बोट खाली घेतलं, मूठ वळली आणि तीच मूठ वर केली. भांडी घासून घासून माझा हात काही नाजूक राहिलेला नाही. पोरगा दोन पावलं मागं सरकला.

"मारणार नाही रे तुला," मी म्हटलं. "पण घेणारही नाही. आणि इथं कोणी घेणार नाही."

मग मी शाळेच्या जेवणाच्या सुट्टीत लावायचे तो आवाज लावला. बोटं वर करून फिरणाऱ्या निम्म्या लोकांना लहानपणी मीच वाढलेलं होतं. "ऐका रे! बोटं खाली! सामना सुरू झाला की या तिकिटांना कुत्रं विचारत नाही. थांबा. छापील किमतीवर एक दमडी द्यायची नाही. मुठी वळा!"

आधी लोक हसले. मग मार्लिसनं मूठ वर केली. मग एका पोस्टमननं. बघता बघता फाटकासमोर पन्नासेक मुठी वर झाल्या आणि एकही बोट दिसेना.

ब्लॅकवाला खदखदून हसला. "पहिला चेंडू उडू दे, आजी. तुमचीच माणसं माझ्या पाया पडतील."

खोटं नव्हतं त्याचं. आत बँड सुरू झाला, नगारे घुमले, सत्तर हजार लोकांनी एकदम आरोळी ठोकली. अर्विड तर पार गळाठला. स्वतःच्या लेकीच्या लग्नात चर्चमध्ये कानाला रेडिओ लावून बसलेला माणूस तो!

"व्हर्ना, मला सोसवत नाही गं."

"मूठ वर ठेव."

"आपल्यांनी टचडाउन केला वाटतं! सहा गुण!"

"रेडिओ ऐक. आणि मूठ वर."

पोरगा दीडशेवर आला. मग शंभरावर. कोणी हललं नाही. मार्लिसनं सगळ्यांना चिली वाढली. त्यालाही विचारलं, कारण मार्लिस तशीच आहे. तो नको म्हणाला आणि उगाच तोंड फिरवून उभा राहिला.

मध्यंतराला तो मला बाजूला घेऊन गेला. आता च्युइंगम नव्हतं तोंडात.

"आजी, तुम्हाला छापील किमतीत देतो. एकटीला. फक्त त्या लोकांना सांगा, शंभराला घेऊन टाका म्हणून. तुमचं ऐकतात ते."

खोटं कशाला बोलू? हात पर्सकडे गेला माझा. पंचवीस डॉलर होते की. आत माझी पोर मध्यंतराचं वाजवत होती, तिच्या ट्रम्पेटचा आवाज मला भिंतीपलीकडूनही ओळखू येत होता. कोणाला कळलं नसतं. पण तिकडं अर्विड ट्रकला टेकून उभा होता, डोळे मिटून, कानाला रेडिओ आणि एक हात वर. हातमोज्यातली मूठ घट्ट वळलेली.

मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पन्नास माणसांना विकून मी आत जाऊ? माझ्या नातीकडे कोणत्या तोंडानं बघू रे? सगळ्यांना छापील किमतीत दे, नाहीतर चालू लाग."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं माझ्या जागांची दोन्ही तिकिटं काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर फाडली. टराटरा. तुकडे वाऱ्यावर उडाले.

"घ्या आता!" तो म्हणाला. "बसा!"

मला रडू फुटलं. रागानंच, पण फुटलं. बाकीची तिकिटं खिशात कोंबून तो आपल्या गाडीच्या बोनेटवर जाऊन बसला. आता फुकट मागितली तरी देणार नव्हता. मार्लिसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, "तुमचाही सामना बुडवला गं मी." ती म्हणाली, "गप्प बस, चिली खा." सामन्याच्या चार भागांतला तिसरा संपेपर्यंत आम्ही रेडिओभोवती उभे होतो आणि मी उशी छातीशी धरून ब्रिटाचाच विचार करत होते.

तेवढ्यात फाटकं उघडली.

सताड! सगळीच्या सगळी. आतून लोक बाहेर येऊ लागले. गाड्यांच्या गर्दीत अडकू नये म्हणून सामना अर्धवट टाकून निघणारे ते. या लोकांची मी जन्मभर मनसोक्त निंदा केली आहे. फाटकावरचा माणूस चक्क खुर्ची उचलून निघाला होता.

"अहो, आम्ही तिकीट नसलेले," मी चाचरत म्हटलं.

"मग? चौथ्या भागात तिकीट कोण बघतं?" तो म्हणाला. "नेहमीचंच आहे हे. तुम्ही गावच्याच ना? माहीत नाही?"

कुठून माहीत असणार? आमच्यातला एकही जण शेवटच्या शिट्टीआधी कधी जागेवरून उठलाच नव्हता! अर्विडनं माझ्याकडे बघितलं, मी अर्विडकडे, आणि तो असा काही पळाला की साठीचा माणूस आहे हे मार्लिसलासुद्धा खरं वाटलं नसतं. मागोमाग सगळे, मुठी वर करून, ओरडत. बोनेटवरून तो पोरगा आ वासून बघत राहिला. त्याच्यापाशी मी क्षणभर थांबले, उशी दाखवली आणि म्हटलं, "येतोस का आत? फुकट आहे."

चौदावा विभाग. बाविसावी रांग. इतके निघून गेले तरी मैदान भरलेलंच, आणि पायऱ्यांना लागून दोन जागा रिकाम्या. असणारच की, त्यांची तिकिटं वाहनतळावर उडत होती! मी एकीवर उशी टाकली, दुसरीवर कोट ठेवला.

शेजारचा नवा माणूस म्हणाला, "बाई, ही जागा तुमची आहे का?"

"तुम्ही जन्मायच्या आधीपासून," मी म्हटलं.

आम्ही सामना हरलो. खरं सांगू? तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. शिट्टी झाली, शेवटच्या वर्षाची पोरं मैदानात आली आणि त्यांनी टोप्या काढल्या. ब्रिटा आमच्या बाजूला वळली, पण मान खाली घालून. मोसमभर इथं परकी माणसं बघितली होती तिनं. ट्रम्पेट ओठांना लावताना तिनं सवयीनं एकदा वर पाहिलं आणि तिला मी दिसले.

आणि पहिलाच सूर चुकला तिचा. चार वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

मी उशीवर उभी राहिले, मूठ वर केली आणि खाणावळीच्या आवाजात ओरडले, "वाजव गं पोरी! मी आहे इथं! आपल्या जागेवर आहे!"