पेकिंगच्या वाटेवरचा घोडा

मित्रांनो, मी कोरियातल्या जोसन राज्याचा एक थकलेला घोडा आहे. आता नीट चालवत नाही. बारा हिवाळे मी आमच्या राजाचा नजराणा पाठीवर घेऊन चीनच्या बादशहाकडे पेकिंगला गेलो. जाऊन येऊन पाच महिने लागत.

मला सांभाळायचा मानबोक नावाचा मोतद्दार. स्वतः जेवण्याआधी तो माझे खूर तपासायचा.

शेवटच्या खेपेला सरहद्दीवरच्या अम्नोक नदीचा बर्फ पातळ होता. माझ्या पाठीवर नजराण्यातल्या कोऱ्या कागदाचे तीन गठ्ठे होते. दुभाषी प्योसाहेब घाईला आले होते. नव्या वर्षाच्या दरबाराला उशीर झाला असता, तर ठपका आमच्या राजावर आला असता.

"हाक त्याला!" ते ओरडले.

"साहेब, ओझ्यासकट घोडा गेला, तर कागदही जाईल. मीच नेतो."

मानबोकने दोन गठ्ठे एकेक करून स्वतः पलीकडे नेले. मग मला नेलं आणि माझ्या खोगिराला बांधलेला लांब दोर कमरेला बांधून तिसऱ्या गठ्ठ्यासाठी परत फिरला. येताना काठाजवळ बर्फ फुटला. छातीभर पाण्यातही त्याने गठ्ठा डोक्यावरच धरला होता. मी सगळा जीव एकवटून ओढलं. तो वाचला, पण थंडीने त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली.

पेकिंगला बादशहाच्या कारकुनाने गठ्ठे न सोडताच कोठारात टाकले.

"उघडून तरी बघितलं का हो?" मानबोकने प्योसाहेबांना विचारलं.

"कशाला बघतील? त्यांना कागदाची काय वाण! आपण आलो, वाकलो, झालं."

"असं होय? मग कोरडा कशाला ठेवला मी!" मानबोक हसला. त्या हसण्यात दमच नव्हता.

परतीच्या वाटेवर प्योसाहेबांनी मानबोकला माझ्यावर बसवलं आणि स्वतः लगाम धरून चालले. पण सरहद्दीची चौकी दिसताच म्हणाले, "उतर बाबा आता. लोक बघतील."

मानबोक उतरला आणि लंगडत चालू लागला. पुढच्या वर्षी त्याला कामावर घेतलं नाही. नव्या माणसाला माझ्या खुरांची आठवण आठवड्यातून एकदा येते.

मित्रांनो, कुणी ओझं घेऊन तुमच्या दारात आलं, तर आधी त्याला ते उतरवू द्या. बसायला सांगा, पाणी द्या. आत काय आणलंय, ते नंतर विचारा.